डब्यातला सोमाजी

असं लांब, भिंतीला टेकून नका बसू, माउली. थोडं पुढं सरका, मांडीला मांडी लागू द्या. दाटीत बसलं की कान जास्त उघडे राहतात. आज एका सिनेमाची गोष्ट सांगतो. सिनेमा असा, की त्याला वाईट म्हणायलासुद्धा कोणी फार शब्द खर्च केले नाहीत. पण सगळी पंगत अळणी निघाली तरी पानात डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढलेलं असतंच ना? या सिनेमात ते कुठं होतं, तेवढंच दाखवतो.

साळूबाईनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि पोस्टर पुसायला घेतलं. तंबू-सिनेमाच्या ट्रकच्या फळीवर खळीनं चिकटवलेला तो कागद आळेफाट्यापासून धुरळा खात आला होता. आधी लाल अक्षरं वर आली, 'चांदणीपलीकडचा वैरी'. मग गालावर जखम रंगवलेला नायक. मग त्याच्या मागं एक चंदेरी लोखंडी माणूस, डोक्याच्या जागी चौकोनी डबा, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. आणि त्याच्याही मागं, कोपऱ्यात, काळ्या दगडाच्या देवळाचा कळस.

कळसापाशी साळूबाईचा हात थांबला.

"कळमजाई," ती म्हणाली. "आपली जुनी."

तिची लेक रत्ना खांद्यावरून वाकून बघत होती. "आन् आबा?"

"ह्ये काय." साळूबाईनं ओल्या बोटानं लोखंडी माणसाच्या छातीवर टिचकी मारली. "ह्याच्या आत."

नव्या कुडेवाडीची चैत्रातली जत्रा होती. घरोघरी टीव्ही आले होते, पोरं सीडी आणून सिनेमे बघत होती, तरी जत्रेला संपतचा सिनेमाचा तंबू लागायचाच. कुस्त्या, पालखी, हौशीराम बुवांचं कीर्तन आणि संपतचा तंबू, एवढं झाल्याशिवाय जत्रा झाली असं कोणाला वाटत नसे.

जुनी कुडेवाडी वर होती, तळेघरच्या अलीकडं, नदीच्या काठाला. धरणाचं पाणी चढायला लागलं आणि वाडीला उठावं लागलं. आधी देवी हलली, वाजतगाजत, बैलगाडीतून. मग माणसं हलायला लागली. त्या मधल्या महिन्यांत, देऊळ रिकामं आणि घरं अर्धी मोकळी असताना, मुंबईचे सिनेमावाले आले. त्यांना ओसाड ग्रह पाहिजे होता. कुडेवाडी तेव्हा आयतीच ओसाड पडत चालली होती.

लोखंडी माणसाचं काम करायला त्यांनी बरोबर एक नट आणला होता. तो पहिल्याच दिवशी डब्यात शिरला, नाचणीच्या बांधावरून घसरला आणि पाय मुरगळून परत गेला. मग सिनेमाच्या साहेबानं विचारलं, बांधावरून न पडता कोण चालेल? आता कुडेवाडीत असं न चालणारा माणूस शोधावा लागला असता. पण साळूबाईचा नवरा सोमाजी पुढं उभा होता, म्हणून डबा सोमाजीच्या डोक्यावर बसला.

सिनेमा कित्येक वर्षं डब्यांतच पडून राहिला. पुढं कधीतरी लागला आणि आठवड्याच्या आत उतरला. तोवर सोमाजी जाऊन खूप दिवस झाले होते. खाली आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याला कावीळ झाली होती. रत्ना तेव्हा तीन वर्षांची.

त्याचा फोटो नव्हता. वाडीतल्या माणसांचे फोटो जत्रेतच निघायचे, मोटारीच्या रंगवलेल्या चित्रामागं बसून. सोमाजी म्हणायचा, पुढच्या जत्रेला तिघांचा काढू. पुढच्या साली वाडी उठली, आणि जत्राच भरली नाही.

सगळे म्हणायचे, पोरगी बापावर गेलीय. म्हणून रत्ना लहानपणी आरशात बघून बाप जुळवत बसायची. कोळशानं मिशी काढायची, साळूबाईचं लुगडं डोक्याला गुंडाळायची. आता ती बारावीला होती, मिशी काढत नव्हती. पण आरशापुढं जरा जास्त वेळ उभी राहिली की साळूबाई तिला हाक मारत नसे.

"शेवटाला डबा काढत्यात," साळूबाईनं आज सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. "ह्यांनी घरी येऊन सांगितलं व्हतं. म्हणले, सायबानं डबा काढाय लावला आन् म्हणला, हस. मी लई हसलो, म्हणले."

"समदं तोंड दिसंल?"

"डबा काढल्यावर अजून काय दिसंल, येडे?"

दिवेलागणीला दोघी तंबूत जाऊन बसल्या. मधे सुंभाची दोरी, अलीकडं बायका, पलीकडं बाप्ये. दोरीच्या पलीकडं, अगदी लगत, हौशीराम बुवा मांडी घालून बसले होते. सकाळी काल्याचं कीर्तन झालेलं, गळ्यात अजून बुक्क्याचा वास. बुवांना सिनेमा वर्ज्य नव्हता. ते म्हणायचे, देव कुठल्या दारानं येईल ते आपण ठरवू नये. त्यांच्या मागं रत्नाचा चुलतभाऊ पप्पू आणि त्याची टोळी, हातात भुईमुगाच्या शेंगा.

पडद्यावर काळं आभाळ आलं. चांदण्या म्हणजे काळ्या कापडाला पाडलेली भोकं होती. एका चांदणीतून मागच्या माणसाचं बोट दिसलं. मग विमान आलं, एकावर एक पालथ्या घातलेल्या दोन पराती, दोऱ्याला टांगलेल्या.

"आरं, लग्नाच्या पराती पळवल्या की रं!" पप्पू ओरडला.

वैऱ्यांच्या राजानं डोक्यावर चाळण घातली होती. त्याच्या ग्रहावरचं पाणी संपलं होतं आणि तो पृथ्वीवरचं न्यायला आला होता.

"पाणी पायजे व्हय? आमच्या धरणावं ये की, राव!" कोणीतरी म्हणालं. "आमची वाडी घेतली, तुजी चाळण बी भरंल!"

तंबू हसला. बायकांच्या बाजूनंही हसू आलं, पण जरा आखडतं. म्हाताऱ्या बायका हसता हसता पडद्याच्या कोपऱ्यात बघत होत्या. तिथं मधूनच एखादं घर जायचं, एखादी आंब्याची फांदी जायची, आणि कुणीतरी हळूच म्हणायचं, "प्रयागबाईचा गोठा." किंवा, "आपली पाणंद गं." पण नायक मधे यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. नायक फार बोलायचा.

मग लोखंडी माणूस आला.

रत्ना ताठ बसली. तो बांधावरून चालत आला; छातीवर रेडिओची बटणं, पाठीच्या पत्र्यावर तेलाच्या कंपनीनं ठोकलेले आकडे. दोन्ही हात पुढं धरून चालायचं त्याला सांगितलेलं असावं. चार पावलं तो तसा चालायचा, मग विसरायचा आणि हात मागं बांधून चालायचा, रानातून घरी येणाऱ्या माणसासारखा.

"बॅटरी उतरली!" पप्पूनं शेंगेचं टरफल उडवलं.

लोखंडी माणूस देवळापाशी आला. आत राजाची प्रयोगशाळा होती. पुठ्ठ्याची यंत्रं, लाल हिरवे दिवे. त्यानं नुसतं आत जायचं होतं. पण तो उंबऱ्यापाशी थांबला. वाकला. लोखंडी पंजानं उंबऱ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. कपाळाच्या जागी डबा होता, तो टण्णकन वाजला. डावा हात बाजूला गेला, कमरेच्या खाली, आणि हवेतल्या हवेत एकदा खाली झाला. मग पाय उंच उचलून, उंबरा न तुडवता, तो प्रयोगशाळेत गेला.

तंबू कोसळायचा बाकी राहिला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी 'पुंडलिकवरदा' दिली.

"मशीन पाया पडतंय! मशीन!"

"आन् त्यो डावा हात बघितला का? वायर सैल झाली!"

रत्नानं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. शाळेत तिला सगळी पोरं सिनेमावाल्याची म्हणायची आणि ती ते मिरवायची. आपल्याकडं कोण बघतंय का, हे बघायला तिनं डोळे तिरके केले, तेव्हा तिला आईचे हात दिसले. साळूबाईचे दोन्ही हात मांडीवर जोडलेले होते. ती हसत नव्हती. पडद्यावर आता नायक गाणं म्हणत होता, तरी ती तशीच बघत होती.

"शेवटाला हाय ना गं?" रत्नानं विचारलं.

साळूबाईला ते ऐकू आलं नाही.

शेवट आला. नायकानं लोखंडी माणसाला काठीनं लोळवलं. छातीवर पाय दिला. खाली वाकून दोन्ही हातांनी डबा धरला. नायकानं डबा ओढला.

आत धूर होता. पांढरा, उदबत्तीसारखा, निवांत वर जाणारा धूर. धुराखाली नुसत्या तारा होत्या.

नायक हसला. समाप्त अशी पाटी आली, आणि संपतनं दिवा लावला.

*

माणसं पांगली तरी रत्ना सुंभाची दोरी धरून बसून होती. पप्पू जाता जाता म्हणाला, "काय गं रत्ने, काका तर धूर निघा..." आणि तिचं तोंड बघून तिथंच थांबला. हातातल्या शेंगा त्यानं उगाच खिशात घातल्या.

"कापलं असणार," संपत म्हणाला. रीळ डब्यात ठेवता ठेवता त्यानं सगळं ऐकलं होतं. पन्नाशीचा माणूस, गावोगावच्या जत्रा करून आवाज बसलेला. "असं लई व्हतं, मावशी. कायतरी शूटिंग करत्यात, मागनं सायबाचं मन बदलतं. हसणाऱ्या माणसापरीस धूर सोपा पडतो."

"समदं आयुष्य म्हणलीस, शेवटाला तोंड दिसतंय," रत्ना आईला म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "शेवटाला धूर दिसला."

साळूबाईनं तिच्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "म्हंजी? तुला भेटलं न्हाईत?"

"कुठं?"

"मला तर भेटलं. तुजं ध्यान तोंडाकडं व्हतं."

रत्ना दोरीच्या गाठीशी चाळा करू लागली. पप्पूला मात्र राहवेना. तो बुवांकडं वळला. "बुवा, पर एक सांगा. देवी तर आधीच हलवली व्हती. देऊळ मोकळं. मग सोमाकाका पाया कुणाच्या पडलं?"

बुवा उपरणं झटकत होते. "देवी हलवली व्हती," ते म्हणाले. "उंबरा हलवला व्हता का?"

पप्पू हसायला गेला, पण हसला नाही.

"आमी वर्सानुवर्सं सांगतो, ह्यो देह म्हंजी डबा," बुवा म्हणाले. "लोक माना डोलावत्यात आन् घरी जात्यात. सोमाजीनं एकदा वाकून दाखवलं. तोंड झाकलं, नाव काढून घेतलं, लोखंडात घातला, तरी हात जायाचा तिथंच गेला. बाकी सिनेमा म्हणशील तर, पांडुरंगा! काय ती चाळण!"

"त्यो तुकडा खरं तर कापायला पायजे व्हता," संपत म्हणाला. "मी पयल्यांदा बघितला तवाच म्हणलो, ह्ये कसं ठिवलं? मशीन कुठं पाया पडतं व्हय?"

"न्हाई कापला, ह्येच त्या सायबाचं पुण्य. एवढं एकच असंल, पर हाय."

साळूबाई एकदम संपतपुढं गेली. "भाऊ, उद्याच्याला ह्योच लावा."

संपतनं कपाळाला हात लावला. "मावशी, ह्यो परत लावला तर लोक मला पडद्यात गुंडाळून नदीला सोडतील. उद्याला मारामारीचा हाय." त्यानं एकदा रत्नाकडं बघितलं. ती दोरीची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. "पर तिकीट चालू व्हायच्या आधी मी पडदा बघून घेतो. उजेड सरळ पडतो का, त्यासाठी एक रीळ लावावंच लागतं. कुठलंबी चालतं. दिवस मावळला की या. तिसरं लावतो, उंबऱ्याचं."

*

दुसऱ्या दिवशी कुस्त्या आटोपत आल्या होत्या. हलगीचा आवाज आखाड्याकडून येत होता. साळूबाई आणि रत्ना तंबूपाशी पोचल्या, तर बुवा आधीच आलेले. त्यांनी वहाणा बाहेर काढून ठेवल्या आणि वाकून आत गेले. तंबूत चपला कोणी काढत नसे. पप्पू त्यांच्या मागं होता. त्यानं बुवांच्या वहाणांकडं बघितलं, इकडंतिकडं बघितलं आणि आपल्याही काढल्या.

आत कोणी नव्हतं. कालची टरफलं पायाखाली कुरकुरली. आज दोरी होती, पण सगळे एकाच बाजूला बसले.

संपतनं मशीन सुरू केलं. आवाज लावला नाही. नुसती मशीनची घरघर, आणि बाहेरची हलगी. आवाज नसला की नायकही गरीब वाटत होता. तो तोंड हलवत होता आणि त्याच्या मागं कुडेवाडी काल दिसली नव्हती तेवढी दिसत होती. पाणंद, गोठा, कुणाच्या तरी दारातली तुळस.

बांधावरून लोखंडी माणूस आला. हात पुढं, मग हात मागं.

"रानातनं असंच यायचे," साळूबाई म्हणाली.

तो देवळापाशी थांबला. वाकला. हात उंबऱ्याला, हात कपाळाला. आज टण्ण वाजलं नाही.

"आता डावा हात बघ," साळूबाई म्हणाली.

डावा हात बाजूला गेला, कमरेच्या खाली. बोटं जरा पसरली, वाटोळं काहीतरी अलगद धरावं तशी. आणि हात सावकाश खाली झाला. पाण्यावर ठेवावा इतका हलका.

"तुला घिऊन जायचे," साळूबाई म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता. "दिवा लावायला. रोज. आधी आपण टेकायचे, मग तुजं डोकं टेकवायचे. तू लई ताठ मानेची. दाबल्याबिगर वाकायची न्हाईस."

"आन् ह्ये शूटिंग चाललं व्हतं तवा मी कुठं व्हते?"

"घरी. माज्यापाशी."

लोखंडी माणसानं पाय उंच उचलला आणि तो आत गेला. पुठ्ठ्याची यंत्रं आली. संपतनं मशीन थांबवलं. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यानं रीळ थोडं मागं फिरवलं आणि पुन्हा सोडलं.

बांध. हात पुढं, हात मागं. देऊळ. तो पुन्हा वाकला.

रत्ना जागची उठली होती. चालत चालत ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, डाव्या बाजूला. मशीनच्या उजेडात तिच्या अंगावर उंबऱ्याचा काळा दगड पडला, लाल हिरवे दिवे पडले. पडद्यावरचा हात बाजूला आला, थोडा थांबला आणि खाली होऊ लागला.

रत्नानं मान वाकवली.

बाहेर कुस्त्या संपल्या. माणसं तिकिटासाठी हाका मारायला लागली होती.

तो सिनेमा पुन्हा कुठं लागल्याचं ऐकलं नाही, माउली, आणि लागला तरी बघा असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही देवळात जाता. उंबऱ्यापाशी वाकता. सोबतचं लेकरू ताठ उभं असतं आणि तुमचा हात न सांगता त्याच्या डोक्यावर जातो. तेवढ्या वेळापुरतं पाण्याखाली गेलेल्या एका उंबऱ्याला आठवा, आणि कुडेवाडीच्या सोमाजीला आठवा. चेहरा डोळ्यांपुढं नाही आला तरी चालेल.